बिनकंपनीचे गेम

अण्णा, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुम्हाला काही सांगायचं तर आधी बरंच समजावून सांगावं लागेल, मोबाईल म्हणजे काय इथपासून. म्हणून सोप्यापासून सुरू करते. मी अजून गेम खेळते. बीडला एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, चाळिशी कधीच ओलांडली, आणि रविवारी दुपारी आईचा डोळा लागला की खेळायला बसते. ती उठते, बघते आणि म्हणते, "अजून सुटलं न्हाई का तुझं ते?" मी न्हाई म्हणते. सवय तुम्ही, तिच्याच नवऱ्यानं, लावलीत हे तिला माहीत आहे, म्हणून ती चहा ठेवायला जाते.

पाटोद्यात बाजारतळाच्या रस्त्याला तुमचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शाळा सुटली की मी तिथंच. एकदा कुणीतरी टीव्हीला जोडायचा गेम दुरुस्तीला टाकून गेला आणि न्यायला परत आलाच नाही. तुम्ही बरेच दिवस वाट पाहिली, मग त्याची वायर बदलून तो काउंटरवरच्या टीव्हीला जोडलात आणि मला म्हणालात, "बस. सेट चेक करायला होईल." पडद्यावर एक ठेंगणा माणूस उड्या मारत जायचा आणि खड्ड्यात पडायचा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मागं उभे राहायचात. "माय, ह्यो मानूस कावून मरतोय गं सारखा?" "त्याला तीन जीव असतात, अण्णा." "तीन?" तुम्ही म्हणालात, "लई झाले की," आणि पुन्हा सोल्डरिंगला वळलात. चुलत्यांना हे आवडायचं नाही. दुकानात आले की ते म्हणायचे, "पोरीच्या जातीला हे कशाला? चार मानसं बघत्यात." तुम्ही मान वर न करता सांगायचात, "म्या बसवलंय तिला. रंग फाटतो का बघती ती." सेट ब्लॅक अँड व्हाइट होता. चुलत्यांच्या ते कधी लक्षातच आलं नाही.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी हरले आणि बटणांचं ते खोकं काउंटरवर आपटलं. तुम्ही सोल्डरगन बाजूला ठेवली, खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणालात, "आपटायचं न्हाई. कोनीतरी बसून केलेलं अस्तंय ते." बस, एवढंच. पण तेव्हापासून कुठलाही गेम उघडला की माझ्या डोक्यात आधी तो बसलेला माणूस येतो. त्यानं हा खड्डा इथं का खणला असेल, हा आवाज कशावरून काढला असेल, त्याच्या घरी त्याला कुणी काय म्हणत असेल.

तुम्ही स्वतः टीव्ही जुळवून विकायचात. पिक्चर ट्यूब बीडहून आणायची, लाकडी डबा इथल्या सुताराकडून करून घ्यायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "कोन्त्या कंपनीचा?" तुम्ही म्हणायचात, "माझ्याच." काही जण हसत विकत घ्यायचे, बरेच जण हसून निघून जायचे. मग हप्त्यावर कंपनीचे रंगीत टीव्ही मिळायला लागले आणि हसणारेही येईनात. शेवटची दोन-तीन वर्षं तुम्ही रोज शटर उघडायचात, काउंटर पुसायचात आणि रस्त्याकडे बघत बसायचात. मी बीडला होस्टेलवर होते. बाजाराच्या दिवशी भर दुपारी तुम्ही बसल्या जागी गेलात, आणि शेजारच्या दुकानदाराला बराच वेळ वाटलं की तुम्हाला डुलकी लागलीय.

तुमच्या टीव्हीसारखे गेम असतात, अण्णा. मोठ्या कंपनीशिवाय, एकट्यादुकट्यानं घरात बसून केलेले. त्यांना इंडी म्हणतात. मी वीस वर्षं बहुतेक तेच खेळत आले, त्यांच्यावर मराठीत लिहीतही आले, वाचणारं फारसं कुणी नसताना. मोठ्या कंपनीचा गेम तुम्हाला सारखा खूश करत असतो. छोटा गेम हट्टी असतो. एका गेममध्ये मी नुसती एका जुन्या इमारतीतली लिफ्ट चालवली, म्हाताऱ्यांना वर न्यायचं आणि खाली आणायचं. गेममधल्या दोन महिन्यांनी त्यातली एक बाई यायची थांबली. गेमनं काहीच सांगितलं नाही, फक्त तिच्या मजल्याचं बटण पुन्हा कधी पेटलं नाही. अशा गोष्टीसाठी मी खेळत होते.

आता तसं राहिलं नाही. आता हळवेपणाचीही फॅशन झाली. प्रत्येक छोट्या गेममध्ये खिडकीवर पाऊस, वाफाळता कप, आणि मेलेल्या कुणाचं तरी घर. वस्तू उचलायची, आठवण ऐकायची, दोन टिपं गाळायची आणि पुढच्या खोलीत जायचं. शेतीचे गेम तर इतके आले की विचारू नका. तिथं पाऊस सांगून पडतो आणि गाजर चार दिवसांत हाताला येतं. पाटोद्याच्या माणसानं ते किती खेळावं? आणि आता मशीनला नुसतं सांगितलं की मशीनच गेम करून देतं. रोज असे ढिगानं येतात. मी एखादा उघडते, थोडं खेळते आणि लक्षात येतं की हे कुणीच बसून केलेलं नाही. त्या ढिगाखाली जे खरंच बसलेत ते सापडत नाहीत. लिफ्टचा तो गेम करणाऱ्या माणसाला मी एकदा कौतुकाचं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं की त्यानं हे सगळं सोडलंय, आता गोदामात काम करतो, आणि बाई, तुम्ही उशीर केलात.

मग मीच एक गेम केला. खरं म्हणजे आम्ही केला. होस्टेलवर माझ्या खोलीत नांदूरघाटची एक मुलगी होती. जयंतीला गावातल्या विहाराच्या भिंती रंगवून तिचा हात बसलेला, कशाचंही चित्र चार रेघांत उभं करायची. ती काढायची, मी कोड लिहायचे. नोकऱ्या सांभाळून त्यात कित्येक वर्षं गेली. गेममध्ये तुमचं दुकान होतं. लोक बिघडलेले टीव्ही आणतात, तुम्ही ते उघडता, सोल्डरचा टाका मारता, गप्पा मारता. गप्पा आपल्याच बोलीत. दिवस जातील तशी गिऱ्हाइकं कमी होतात आणि शेवटी तुम्ही नुसतेच बसून असता. जिंकायची सोय मी ठेवली नव्हती. यावरून आमचं वाजलं.

ती म्हणाली, "शेवट तरी चांगला कर की गं. एखादं गिऱ्हाईक परत येऊ दे."

मी म्हणाले, "कुणी आलं न्हाई. खरं हाय ते."

"खरं लोकांना घरीच मिळतंय. त्यासाठी पैसे कशाला देतील?"

मी ऐकलं नाही. तिनं चित्रं पूर्ण करून दिली, एकही राहू दिलं नाही. गेम बाहेर पडला आणि पहिल्या आठवड्यात जे काही घडलं तेवढंच. एकानं लिहिलं, गेम आहे की शिक्षा. परदेशातल्या एकानं लिहिलं, चित्रं छान, भाषा कळत नाही. आणि कुणीतरी, नाव न टाकता, मराठीत लिहिलं की माझ्या वडलांचंही असंच दुकान होतं, मी गेममधल्या शेवटच्या दिवशी तो बंद न करता फोन तसाच टेबलावर ठेवला. ते मी तिला फोनवर वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "झालं मग आपलं." त्याच वर्षी ती पुण्याला गेली, पैसे लावून पत्ते खेळायचे गेम करणाऱ्या कंपनीत. एकदा मी विचारलं, काय काढतेस? "नाणी," ती म्हणाली. "दिवसभर नाणी काढते. चमकणारी. पगार येतो गं वेळेवर." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. नंतर तिचे फोन कमी झाले, आणि माझेही.

गेल्या वर्षी ॲप स्टोअरकडून सूचना आली की नव्या फोनसाठी गेम सुधारून द्या, नाहीतर काढून टाकू. मी सुट्टी टाकून बसले. पण ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही तो केला होता, ते बनवणाऱ्यांनीच बंद करून टाकलेलं. जुनी फाईल उघडेना. तिला फोन लावला तर म्हणाली, "सोड आता. कोन खेळतंय?" ते खरंच होतं. ठरल्या दिवशी गेम निघून गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्याखाली कुणीतरी लिहिलेली वडलांच्या दुकानाची ती दोन वाक्यंही. त्यावर कुणी बंदी घातली नाही, कुणी चोरला नाही. नव्या फोनांना तो ओळखू येईना, इतकंच. कॉलेजात मी पोरांना अजून शिकवते की तुम्हीही एकट्यानं गेम करू शकता. ती वहीत उतरवून घेतात. आता ते सांगताना माझी नजर खिडकीकडे जाते.

हे सगळं तुम्हाला कळवून काय होणार, म्हणून हे इथंच राहील. फक्त एक राहिलं. तुमचा आमच्याकडे एकच फोटो, लग्नाच्या घोळक्यातला, तोंडावर सावली पडलेला. गेमसाठी तुमचं चित्र काढताना मैत्रीण मला विचारायची, भुवया कशा होत्या, हसताना गाल कसा व्हायचा, आणि मी आठवत नसलं तरी पटापट सांगत गेले. तिनं त्यावरून तुम्हाला काढलं, निळा शर्ट, दाट भुवया, डावा कान जरा मोठा. ते चित्र मी वर्षानुवर्षं रोज बघितलं, अण्णा. आता तुमचा चेहरा आठवायला गेले की तोच येतो. खरा कोणता होता ते मला माहीत नाही.