काजवा कधी ‘जातो’ म्हणत नाही

३ मार्च, मंगळवार

स्वरयंत्र काढावं लागणार. सगळं. डॉक्टरांनी हे अशा थाटात सांगितलं, जणू दाढ काढायची आहे. वहिनी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “जेवता येईल ना पूर्वीसारखं?” दादा मात्र हसला — “अगं, लग्न झाल्यापासून मला बोलायला मिळतंय कुठे? फारसा फरक पडायचा नाही.”

डॉक्टर चाळिशीच्या आतले. आम्ही उठलो तशी घुटमळले. “सर, एकदा... ते म्हणाल का?” दादाने म्हटलं — “येतो!” आणि हा एवढा मोठा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, पोरासारखा ओरडला — “ये!”

घरी येऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

५ मार्च

काजवा. छातीवर हिरवा दिवा, पाठीवर प्लॅस्टिकचे पंख, तोंडावर मुखवटा. पहिल्या भागाचे संवाद लिहिले तेव्हा ही पोरांची टीव्ही मालिका तीन महिन्यांत गाशा गुंडाळेल याची मला खात्री होती. वर्तमानपत्रातल्या सदरात मंत्र्यांची टिंगल करते, त्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून लिहिले. आता तेव्हाच्या पोरांची पोरं काजवा बघतात. दप्तरावर काजवा, डब्यावर काजवा, टूथपेस्टवर काजवा. तेवढ्या काळात किती मंत्री आले नि गेले!

एवढं यश कशामुळे? विद्वान मंडळी त्यावर चर्चासत्रं भरवतात. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन — मुखवट्याला सुरकुत्या पडत नाहीत. आत उड्या मारणारा माणूस कितीदा तरी बदलला. कुणाचा गुडघा गेला, कुणाचं लग्न झालं. प्रेक्षकांना पत्ता नाही. आवाज मात्र पहिल्यापासून एकच. माझ्या दादाचा.

आणि तो शब्द. मी लिहिलं होतं, “चला मुलांनो, जातो मी!” आमच्या आईची लेक असून! दादा काचेपलीकडे कागद बघून थबकला आणि म्हणाला, “येतो!” दिग्दर्शक खेकसला, “अहो, तो निघालाय!” दादा शांतपणे — “निघालाय म्हणूनच. आमच्याकडे ‘जातो’ म्हटलं की आई दारातून परत आत आणायची, खुर्चीत बसवायची आणि पुन्हा नीट म्हणायला लावायची.” तेच ठेवलं. महिन्याभरात घराघरांतून पोरं टीव्हीला उत्तर द्यायला लागली — “ये!”

संवादलेखिका मी. गाजलेला एकमेव संवाद माझा नाही.

९ मार्च, सोमवार

निर्मात्या बाईंनी बोलावलं. दादाबद्दल फार वाईट वाटल्याचं सांगितलं. खरंच वाटलं असावं. मग लगेच कामाचं — “या सीझनचा शेवट मोठा करू. काजव्याचा अखेरचा निरोप! पुढच्या वर्षी नवा काजवा, नवा आवाज, नवे पंख. दादांनी शेवटी एकच शब्द म्हणायचा.”

“कोणता?” — मला कळलं होतं, तरी विचारलं.

“‘जातो.’ घराघरांत रडारड होईल बघा! आणि लिहायचं तुम्हीच, ताई. तुमच्याइतकं कोण लिहिणार?”

गोड बोलून गळा कापतात म्हणतात. आमच्या घरात सध्या हा वाक्प्रचार वापरायची सोय नाही.

१० मार्च

दादाला सांगितलं. “नाही,” म्हणाला. वर्तमानपत्राचं पान उलटलं. विषय संपला.

१२ मार्च, गुरुवार

त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण. आवाजात वाळू शिरलीय. तरी सगळे संवाद म्हटले. राक्षसाला दम दिला, हरवलेल्या मुलीला घरी पोचवलं. शेवटचा शब्द आला. “येतो!”

दिग्दर्शक (नवा, लहानपणी याच मालिकेवर वाढलेला, नजर खाली) — “सर, पुन्हा.”

“येतो.”

“सर, कागदावर —”

“येतो.”

चौथ्यांदा नुसती हवा आली. रुमालावर लाल. मी माइकचं बटण दाबून ओरडले — “बास!”

बाई थंड. “त्यांना त्रास नको. ‘जागे व्हा’ तर किती भागांत आहे. त्यातला ‘जा’ घ्या. ‘तो’ कुठेही मिळेल. संगणकावर जोडून टाका.”

दादाने कोट चढवला, बटणं लावली, दाराशी वळला — “येतो.” कुणाची छाती होईना उत्तर द्यायची. शेवटी कोपऱ्यातून चहावाल्या मावशी म्हणाल्या, “ये रे बाबा.”

१३ मार्च, शुक्रवार

जोडलेलं ऐकायला बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. राजीनामा, सदरात पानभर बोंब, सगळं तोंडपाठ. गरजच पडली नाही.

तंत्रज्ञाने कळ दाबली. दादाच्या आवाजात — “जातो.”

स्वच्छ. खरखर नाही, खोकला नाही. श्वासही नव्हता त्यात.

तंत्रज्ञाने कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. बाई समोरच्या पडद्याकडे बघत राहिल्या. काजवा तिथे अर्धा उडालेला, पाय लोंबकळत. त्याच्याकडे बघतच म्हणाल्या, “पुसा ते.” मग स्वतःला सावरून, “पण नवा आवाज शोधावाच लागेल हं, ताई.”

लागेलच. मुखवटा थांबत नाही कुणासाठी.

“येते,” म्हटलं. “या,” म्हणाल्या. एवढ्या वर्षांत या बाई मला पहिल्यांदाच आवडल्या.

दादाला सांगितलं — जिंकलास! त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. मी पन्नाशीला आले तरी टपली तीच.

१७ मार्च, मंगळवार

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स म्हणाली, “काका, काय बोलायचं ते बोलून घ्या.” दादा वहिनीच्या कानात काहीतरी पुटपुटला. ती लाजली! या वयात, त्या फिनेलच्या वासात.

मग माझ्याकडे बघितलं. मी ‘ये’ ओठांवर तयार ठेवला होता. गाडी ढकलली, दार उघडलं, आणि तो म्हणाला —

“जातो.”

दार मिटलं.

चुकून? तो? ज्याने रक्त ओकलं पण तो शब्द ओकला नाही? आई असती तर दार ढकलून आत गेली असती, सुया-नळ्यांसकट बाहेर आणलं असतं आणि पुन्हा नीट म्हणायला लावलं असतं. मी आई नाही. मी फक्त इतरांची वाक्यं लिहिते.

“काय म्हणाला गं?” वहिनीला नीट ऐकू आलं नव्हतं.

“येतो म्हणाला.”

त्याच्या तोंडचा हा शब्द पहिल्यांदाच मी लिहिला.

समोरच्या बाकावर कुणाची तरी मुलगी डबा मांडीवर घेऊन बसली होती. झाकणावर काजवा. अजून आतून काही निरोप नाही. वही बरोबर आणली हे बरं केलं. हात कुठेतरी गुंतलेले बरे.

१८ मार्च

शुद्धीवर आलाय. गळ्यात नळी. वहिनीने नातीची पाटी आणलीय — काजव्याचीच, खालची पट्टी ओढली की लिहिलेलं पुसतं ती. मला राहवेना. “काल तसं का म्हणालास?” त्याने पाटी मागितली. हळूहळू, वाकडंतिकडं लिहिलं —

“ते आवाज म्हणाला, वेडे. मी कुठे जातोय!”