प्रॉम्प्टरचं नाव

पुणे, ३ मार्च २००९

चि. सदानंद यास ताईचे आशीर्वाद.

तुमच्या दुबईत क्रेनसुद्धा थांबल्या म्हणे. मग माझी ईशानी तिथे कशाला थांबली आहे? बँकेने काढलं, विषय संपला. आता ती त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नाटक कंपनीचे दिवे सांभाळते, आणि उन्हाळ्यात त्यांच्या नाट्यमहोत्सवाला शिकागोला जाईन म्हणते. इकडे चांगलं स्थळ ताटकळलंय. हे असते तर मला कुणाला विनवावं लागलं नसतं. तू मामा आहेस. नाटक बघ आणि पोरीला विमानात बसव.

उत्तर टपालाने धाड. ईमेल माझ्याच्याने उघडत नाही.

तुझी,
ताई


अल मनखूल, १७ मार्च २००९

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

आज्ञेप्रमाणे नाटक पाहिलं. आधी दुरुस्ती: ‘काळ्या लोकांची’ नव्हे, आफ्रिकन-अमेरिकन मंडळी. भाचीने मला हे इंग्रजीत आणि मोठ्याने शिकवलं. प्रायोजक बिल्डर मंदीत अंतर्धान पावल्यामुळे प्रयोग पंचतारांकित हॉटेलातून आमच्या गल्लीतल्या शाळेत उतरला, आणि आम्ही पाचवीच्या बाकांवर.

नाटक रंगलं तसे प्रेक्षकच बोलायला लागले. नायिका दार उघडू लागली की मागून कुणी बजावी, बाई, त्या मेल्याला आत घेऊ नकोस! नाट्यगृहात चिवड्याची पुडी वाजली तरी माझा दुर्वास होतो, हे तू जाणतेस. मी वळून असं काही ‘शूऽऽ’ केलं की नाटकच थांबलं. मंडळीच्या प्रमुख मिस ओडेसा रंगमंचाच्या कडेला येऊन गोड आवाजात विचारत्या झाल्या, की साहेबांची तब्येत बरी आहे ना? त्यांच्याकडे प्रेक्षक गप्प बसला की नाटक पडलं समजतात. हॉल हसला; शेजारी बसलेली तुझी भावजय अनुपमा जरा जास्तच. प्रायश्चित्त म्हणून मीही पुढे एकदा ‘यल्ला’ ओरडलो, म्हणजे इथल्या अरबीत ‘चला, होऊन जाऊ दे’. जागा चुकली.

आरंभीची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. पडद्यापूर्वी ओडेसाबाई एका कुंडीत पाणी सोडून पूर्वजांची नावं घेतात. दर नावाला सभा ‘आशे’ म्हणते, म्हणजे आपलं तथास्तु. मग मंडळीतला जो तो आपलं माणूस आठवतो. मी मनात म्हटलं, हे तर तर्पण! फक्त दर्भ नाहीत, आणि मुलगाच हवा ही अट नाही. ईशानी दिव्यांमागून पुढे आली. ओंजळीने पाणी सोडलं आणि म्हणाली, विजयकुमार. अख्खा हॉल म्हणाला, आशे.

ताई, भाऊजी जन्मभर बँकेच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. आवाज विंगेबाहेर गेला तर स्वतःवरच रागवायचे. त्यांना पाणी द्यायला मुलगा नाही म्हणून तू दर पितृपक्षात डोळे पुसतेस. परवा त्यांना पाणी मिळालं.

ईशानीला विमानात बसवतो. कुठल्या, ते तू कळव.

लोभ आहेच, हे वाचूनही शिल्लक राहावा.

तुझा,
सदानंद


पुणे, २९ मार्च २००९

चि. सदानंदास आशीर्वाद, आगाऊपणासकट.

स्थळाला नकार कळवला. शिकागोला तेव्हा उन्हाळा असतो हे मला समजतं, तरी स्वेटर पाठवते आहे. ईशानीला न्यायला लाव. आणि तिथेही नाव खणखणीत घे, म्हणावं.

मी कधी घेतलं नाही रे. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा ‘यांचं नाव’ म्हणून सुटले होते. आज गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घालताना घेऊन बघितलं. पहिल्यांदा ओठांतच राहिलं, यांच्या प्रॉम्प्टिंगसारखं. मग मोठ्याने म्हटलं, विजयकुमार. शेजारच्या हव्वाबी धावत आल्या, कुणाला हाक मारली विचारायला. त्यांना सांगितलं, आमच्या ह्यांना.

‘आशे’ म्हणायला इथे कुणी नव्हतं. तेही मीच म्हटलं.

तुझी,
ताई