दहातलं किती?

निंबोला,
आखाजीच्या आधीचा रविवार

प्रिय प्रतिभा,

पाकीट पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, मग म्हातारा पत्र कशाला खरडत बसला, असं तुला वाटेल. पण फोन तुझ्या मायच्या हातात असतो, मी मागे उभा राहतो आणि तुला माझा अर्धा कान दिसतो. तेवढ्या कानातून मनातलं सांगता येत नाही. शिवाय तू नर्स आहेस, तुझे प्रश्न भराभर येतात. हात सुजला का, गोळी घेतली का, दहातलं किती दुखतंय? ती म्हणते, दोन. तू म्हणतेस, छान. फोन बंद. माझं बोलणं तोंडातच राहतं.

संक्रांतीनंतर इंदूरला मायची उजवी छाती गाठीसकट काढली, काखेतल्या गाठीही काढल्या, तेव्हा तू नाशिकहून रजा टाकून आलीस. तुला मी तोवर कामावर कधी पाहिलंच नव्हतं. नळीतून पिशवीत किती पाणी आलं, त्याचा रंग कसा आहे, बोटं गार आहेत का, रात्री झोप लागली का, सगळ्यावर तुझी नजर. मी जिन्यात जाऊन रडून यायचो आणि तू माझ्या हातात चहाचा कप द्यायचीस. तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. लहानपणी विळा लागला तर सारं गाव गोळा करणारी पोरगी ती हीच का, असं मला वाटायचं. ऊर भरून आला होता गं माझा. ते तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

तू परत गेलीस आणि पट्टी बदलायचं काम माझ्यावर आलं. तू शिकवलं होतंस, तरी पहिल्या दिवशी मी तीनदा हात धुऊन आलो. जिथे तुला दूध पाजलं तिथे नुसती एक शिवण. तिनं मान भिंतीकडे वळवली होती. मीही नजर चोरली असती, पण तू बजावलं होतंस की नीट बघायचं, कुठे लाल दिसतंय का, कुठे ओल आहे का. म्हणून बघत गेलो, आणि बघता बघता थक्क होत गेलो. केळीचं खोड सकाळी कापलं तर दुपारपर्यंत मधला गाभा वर आलेला असतो, हे मी जन्मभर पाहत आलो आणि त्याचं कधी नवल केलं नाही. पण माणसाचं कातडं, कोणी न सांगता, आतल्या आत धागा धागा जोडत बसतं, हे मी या वयात पाहिलं. एके दिवशी मी हात जोडले. तिनं विचारलं, "कोनाले नमस्कार करता?"

जखम भरली, पण हात वर जाईना. लोधीपुऱ्यात ती अर्चना आहे ना, तुझ्याच ओळखीची, व्यायाम शिकवणारी, तिच्याकडे नेऊ लागलो. तिनं मायला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला सांगितली. एक बोट, मग दुसरं बोट. बोटं जिथे थांबतील तिथे खडूची रेघ. घरीही मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तसंच करू लागलो. तुझी उंची मोजायचो तीच भिंत. कपाळाला घाम यायचा, ओठ आवळलेले असायचे, पण रेघ वर सरकायची. बाकी आम्ही मात्र तिला काहीच करू देत नव्हतो. भाकरी शेजारची मालूबाई थापायची, पाणी मी भरायचो. "मी काय काचेची हाये का?" म्हणून ती करवादायची. आणि मी शहाण्यानं काय केलं असेल? आखाजीचा सण जवळ आला तसं पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर उचलून माळ्यावर ठेवून दिलं. तिनं ते पाहिलं. चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

नंतर अर्चनानं तिची तपासणी केली. वेणी घालता येते का, ब्लाउज अंगात चढवता येतो का, फळीवरचा डबा काढता येतो का? सगळ्याला हो. अर्चना खूश, मी खूश. निघताना अर्चनानं सहज विचारलं, "मौशी, अजून काय करायचं राहिलं? बोलो ना." तुझी माय कधी स्वतःसाठी काही मागते का? पण या वेळी तिनं दोन्ही हात कोपरापासून पुढे धरले, तळवे वर, आणि हलकेच एकदा झुलवले. मला काही कळलं नाही. अर्चनाचे डोळे मोठे झाले. "मांडे! मेरी नानी करायची!" म्हणून ती खुर्चीतून उठलीच. इतके दिवस आम्ही त्या हाताला वेणी आणि डबा विचारत होतो. त्या हातांनी आखाजीला सगळ्या गल्लीच्या माहेरवाशिणींना मांडे करून घातले, हे मला तरी आठवायला हवं होतं.

मग वेगळाच व्यायाम सुरू झाला. ओला पंचा दोन्ही हातांवर घ्यायचा, झुलवायचा, ताणायचा. अर्चनानं ताकीद दिली की मांडा ओढा, पण त्या हाताला जाळ लागता कामा नये, चटका बसला तर हात सुजेल. चुलीशी बसणार नाही, हे मायनं कबूल केलं. आणि गेल्या मंगळवारी मी बागेतून आलो तर खापर खाली, धुऊन पालथं घातलेलं. मी ओरडलो, कोणी काढून दिलं? मालूबाई हसत सुटली. तुझी माय स्टुलावर न चढता, टाचा उंचावून, दोन्ही हातांनी ते काढून बसली होती. मी भिंतीवरच्या शेवटच्या रेघेकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं. माळा रेघेच्या वर होता, प्रतिभा.

त्याच दिवशी तिनं कणीक तिंबून पुरणाचा उंडा भरला. तळव्यांवर थापला, मग मनगटावर घेतला, मग कोपरापर्यंत. उजवा हात मध्येच अडला आणि मालूबाई पुढे सरली. मायनं डोळे मिटले, हात जरा खाली घेतला, पुन्हा झुलवला. मांडा पसरला, इतका पातळ की त्यातून तिच्या हातावरचं गोंदण दिसत होतं. आता तो खापरावर टाकायचा कोणी? मालूबाईनं आपले दोन्ही हात तिच्या हातांखाली सरकवले आणि मांडा एका बाईच्या हातांवरून दुसरीच्या हातांवर गेला, कुठे चीर नाही. मालूबाईनं तो खापरावर टाकला. मी दाराशी उभा होतो. मोठमोठ्या देवळांत जाऊन आलो, पण अंगावर काटा येणं काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि परवा तू फोनवर म्हणालीस की आखाजीला एकच दिवस येते, जेवण बाहेरून आणू, मायला उभं राहू देऊ नका. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर धुतलेलं खापर पुन्हा पुसत बसली. मला वाटलं, मांड्यांवरून रुसली. पण ते नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी मले रोज इचारते, दहातलं किती. तिले कोनी इचारलं का?" इंदूरपासून आजपर्यंत तुला कोणीही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. तुझा चेहरा शांत होता म्हणून आम्ही निवांत राहिलो. पण माय तो चेहरा ओळखते. कारण तो तिचाच आहे. ती तुला "दोन" सांगायची तेव्हा आठ असायचं, मी रात्री पाय दाबत बसलेला असायचो. तू घाबरू नयेस म्हणून ती दोन म्हणायची, आणि फोनवर विचारलं तर तूही दोनच म्हणशील. म्हणून तिनं मला कागद घेऊन बसवलं. तर तिच्या वतीनं विचारतो, पोरी, दहातलं किती दुखतंय? उत्तर फोनवर नको. आखाजीला चांगली चार दिवस ये, आणि तिलाच सांग. तिचे दोन्ही हात आता पुरते पसरतात.

तुझाच,
आबा