सतरावी नळी

प्रिय ठिणगी,

पत्र पाहून दचकू नकोस, मी बरा आहे. धाप लागते, पण ती आता घरचीच झाली आहे. फोनवर आपली चार वाक्यं ठरलेली असतात: तब्येत, हवा, जेवण आणि ‘ठेवते मग’. त्यात हे मावलं नसतं म्हणून कागद घेतला. सांगायचं एकच आहे, पण ते सरळ लिहायला हात धजत नाही. तेव्हा नमनाला घडाभर तेल जाणार, सांभाळून घे.

सध्या आपल्या शहरात जागोजागी प्रकाशाची कामं मांडली आहेत. एकूण नऊ ठिकाणं. हातात छापील नकाशा घ्यायचा आणि अंधार पडला की पायी हिंडायचं. काल मी एकटाच निघालो, तुझ्या आईची छत्री काठीसारखी टेकत. पहिलं काम वाचनालयाच्या पायऱ्यांवर होतं. तिथली पायरी पाय ठेवल्यावर उजळत नाही, पाय उचलल्यावर उजळते, आणि पुढचा माणूस आला की विझते. अकरा पायऱ्या चढून मी धापा टाकत वळून पाहिलं, तर उजेड सगळा मागे आणि पुढे काळोख. खाली उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, आजोबा, तुमच्या पायऱ्या विझायचं नावच घेत नाहीत. मी हसलो, पण ते हसू पुढच्या चौकापर्यंतही टिकलं नाही.

बंद पडलेल्या बसडेपोत रस्त्यावरचे काढून टाकलेले जुने दिवे उभे केले आहेत, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. एक मिणमिणतो, तो थांबला की दुसरा. त्यात आपल्या गल्लीच्या तोंडचा खांब सापडला. सायकल शिकताना तू ज्याला धडकलीस, तोच. पोचा अजून आहे. मी हात लावला तर रखवालदार खेकसला, ‘ओ काका, लांबून बघा!’ या खांबानं माझ्या पोरीचा दात पाडलाय, हे त्याला काय सांगणार? मी मुकाट्यानं लांबून पाहिलं.

पुढे जुन्या टेलिफोन कचेरीच्या खिडक्या. खाली लोखंडी नळ्या लावल्यात. नळीत बोललं की त्या आवाजासरशी वरची एक खिडकी उजळते. कोणी गाणं म्हणत होतं, कोणी बायकोला हाका मारत होतं. मीही तोंड नेलं, पण शब्द फुटेना. माझी खिडकी तेवढी काळी राहिली. मागचा माणूस कंटाळून खाकरला, तर त्याच्या खाकरण्यानंही उजेड पडला.

निऑनच्या नळ्या वाकवण्याच्या धंद्याची सवय जात नाही. जिथे निऑन दिसलं तिथे मी आधी नळीची टोकं बघत होतो, काळवंडली आहेत का म्हणून. मग तू आठवलीस, चौदा वर्षांची, रबरी नळी दातांत धरून बर्नरपाशी उभी. काच वाकताना चेपून बसू नये म्हणून आतून फुंकर द्यायची, फुगवायचं नाही, नुसता आधार द्यायचा. मला जे शिकायला तीन वर्षं लागली, ते तू एका सुट्टीत शिकलीस. तेव्हा मी कौतुक केलं नाही; डोक्यावर बसेल म्हणून. आपल्या कारखान्याचा नियमही तुला पाठ होता: रात्र काढल्याशिवाय नळी दाराबाहेर जात नाही. आत जरा दमट राहिलं, जरा घाण राहिली, तर रात्रभर जळताना ती नळी आपणहून सांगते. आई घरात, कारखान्याच्या दारासमोरच्या खाटेवर झोपायची. दाराखालच्या फटीतून तांबडा किंवा निळा उजेड तिच्या चादरीवर पडायचा, आणि सकाळी ती विचारायची, आज कोणाचं काम चाललंय?

आणि मग अकरा वर्षांपूर्वीचं तुझं काम. पुलाखालच्या भिंतीवर एकच लांब रेघ, सतरा नळ्यांची, सतराच्या सतरा तू वाकवलेल्या. झोपलेल्या आईच्या श्वासाच्या चालीनं ती रेघ उजळायची आणि मंदावायची. आजारी आईच्या उशाशी घड्याळ घेऊन तू रात्री तिचे श्वास मोजत बसायचीस. उद्घाटनाला आपण तिला चाकांच्या खुर्चीत, घोंगडी गुंडाळून नेलं. जेमतेम चाळीस श्वास झाले असतील, रेघ थरथरायला लागली आणि विझली. नळ्या एकीला एक जोडलेल्या. एक गेली की सगळ्या जातात. लोकांनी कीव येऊन टाळ्या वाजवल्या. तेव्हाच्या प्रदर्शन समितीचे अध्यक्ष म्हणाले, तरुण मुलं जोडणी घाईत करतात. तारा गुंडाळताना तू मला विचारलंस, ‘बाबा, माझी जोडणी चुकली का?’ आणि मी म्हणालो, ‘होतं असं, शिकशील.’ दोन महिन्यांनी आई गेली. नंतर तूही गेलीस. जाताना बजावलंस, माझं नाव कुठेही लावायचं नाही. आज अकरा वर्षं तू परक्या गावात लिफ्टची बटणं उजळतात का, ते तपासते आहेस. ते काम वाईट नाही, पण तुझ्या हाताला ते फार थोडं आहे.

दोन महिन्यांपूर्वी हे प्रदर्शन भरवणाऱ्या बाई कोणाच्या तरी नळ्या दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यांची नजर माळ्यावरच्या तुझ्या खोक्यांवर गेली. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी नुसतं विचारलं, तरी मला घाम फुटला. मग मी तुला न विचारता हो म्हणालो. हा माझा अलीकडचा गुन्हा. नकाशावरचं नववं ठिकाण तुझं आहे. पाटीवर लिहिलंय: ‘श्वास. कलाकार अज्ञात.’ काल मी तिथे पोचलो तेव्हा चार-पाच माणसं होती, तीही फोटो काढून गेली. मी कडेच्या कठड्यावर बसलो. तीन लांब श्वास, मग एक आखूड, अडखळणारा. आई अशीच झोपायची, हे मी विसरलो होतो. तू विसरली नव्हतीस.

आता लिहितो. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, तू पुलाखाली असताना, कारखान्यात माझ्या कोपराचा धक्का लागून तुझी सतरावी नळी फुटली. मी गुपचूप दुसरी केली. पेटवली, छान लागली. जळत ठेवायची तर रात्रभर लक्ष ठेवायला हवं होतं आणि मी थकलो होतो. म्हटलं, चाळीस वर्षांचा हात आहे, एका रात्रीनं काय होतंय? विझवली आणि झोपलो. तुझ्या आईला झोप नव्हती. जायच्या आधी ती मला म्हणाली, ‘त्या रात्री दाराखाली उजेड नव्हता. तिला सांगा.’ मी हो म्हणालो, आणि अकरा वर्षं सांगितलं नाही. तू विचारलं होतंस, जोडणी चुकली का? नाही चुकली. खोकी उघडली तेव्हा तुझी एक तारसुद्धा मला हलवावी लागली नाही. तुझ्या सोळा नळ्या जशाच्या तशा लागल्या. काळवंडली होती ती फक्त माझी. नवी करताना दम पुरेना, चार मोडल्या, पाचवी जमली. तिला तीन रात्री जळत ठेवली, आणि मी तुझ्या आईच्या खाटेवर जागा राहिलो, दाराखाली बघत. पाटीवर तुझं नाव लावू का, एवढंच कळव. नाही म्हणालीस तर राहू दे अज्ञात. पण ती रेघ कोणामुळे विझली, हे आता तुला ठाऊक असू दे.

तुझाच, उशिरा बोललेला,
बाबा