सात पहिले आणि एक पडदा

जुळे सोलापूर,
बुधवार, दुपार

तीर्थरूप शिवयोगी मामांना अनिलकुमारची शरणु शरणार्थी. मामींनाही सांगावी.

ताजी बातमी आधी देतो. रविवारी आपल्या समाजाच्या मंगल कार्यालयाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात सत्काराची नावं दाखवणारा पडदा एकच लागणार आहे. व्यवस्थापक सिद्धाराम यांनी आज सकाळी अकरा वाजता स्वतः शिडीवर चढून भिंत मोजली आणि खाली उतरून ‘दुसरा बसत न्हाय’ असं मला स्पष्ट सांगितलं. या तीन शब्दांनी माझा पंधरा दिवसांचा आनंद संपला. का, ते सविस्तर लिहितो. पण आधी तुमची खुशाली. उजवा गुडघा कसा आहे? होटगीहून आणलेलं तेल लागू पडलं का? मांडी घालून जेवायला बसता येतं का? इकडे आई बरी आहे, महेश्वरीच्या लग्नाची खरेदी जोरात आहे (बावीस तारीख, हेच कार्यालय, तुम्हाला काय सांगायचं), आणि माझी भूक सोडली तर घरात सगळं जागेवर आहे. फोनात आलेलं सध्या मीच खरं धरत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. त्यालाही कारण मीच आहे.

तीन वर्षांपूर्वी निमंत्रणपत्रिकेत सात मानकरी घराण्यांची नावं छापली तेव्हा काय झालं, ते तुम्हाला आठवत असेलच. ज्यांच्या घराण्यानं जागा दिली ते म्हणाले, जागा नसती तर दगड काय डोक्यावर ठेवले असते? ज्यांनी दगड दिले ते म्हणाले, मग नुसत्या जागेत लग्नं लावा. आणि तुमच्या घराण्यानं सागवानी दरवाजा दिलेला असल्यामुळे तुम्ही म्हणालात की (हे माझ्या ऐकण्यातलं, चूकभूल द्यावी) आत यायचं असेल तर पहिला मान दाराचा. शेवटी तीन पंचांनी त्याच दाराला तीन कुलपं लावली आणि कार्यालय आठ महिने बंद राहिलं. चार लग्नं शाळेच्या मैदानावर झाली. त्यातल्या एका नवरदेवाच्या फेट्यावर व्हॉलीबॉल येऊन पडला. तेव्हा यंदा पत्रिकाच नको, सत्काराचा क्रम आणि खुर्ची नंबर ज्याच्या त्याच्या फोनात येऊ दे, असं पंचांनी ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. मी हो म्हणालो, कारण बहिणीचं, महेश्वरीचं, लग्न मला मैदानावर लावायचं नाही.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगितली पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस लिहिलेलं काही पुसत नाही. नवीन काही करून बघायचं तर जुन्याची प्रत काढून बाजूला ठेवतो. तिला ‘शेवटची’ असं नाव देतो, पुढच्या प्रतीला ‘खरी शेवटची’, त्यापुढच्या प्रतीला ‘हीच वापरा’. आणि सहा महिन्यांनी कळतं की सगळा कारभार ‘वापरू नका’ नावाच्या फायलीवर चाललाय. यावर उपाय म्हणून आता एक साधन निघालंय. त्यात एकाच कामाचे चार-पाच पर्याय एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी ठेवता येतात, पाळीपाळीनं चालवून बघता येतात, कोणता कुणी कधी आणि का लिहिला याची नोंद राहते, आणि खात्री पटली की एक ठेवून बाकीचे काढता येतात. (ही शेवटची सोय कुणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) आमचे साहेब अजिनाथ यांनी हे साधन आणलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले. त्यांचं म्हणणं, पर्याय डोळ्यांसमोर असले की निर्णय चांगला होतो. होत असेल. आमच्या ऑफिसात माणसं तीन आहेत, लॉगिनचं, म्हणजे आत शिरायचं, पान अकरा प्रकारचं आहे, आणि निर्णय व्हायचा योग अजून आलेला नाही.

तर मी मानकऱ्यांच्या क्रमाचे चार प्रामाणिक पर्याय तयार केले. एक वयाप्रमाणे, एक देणगीच्या वर्षाप्रमाणे, एक बाराखडीप्रमाणे, आणि एक बांधकामाप्रमाणे, म्हणजे आधी जागा, मग विहीर, मग दगड, असा. वाटलं, चारही दाखवावेत, पंच त्यातला एक निवडतील. पंचांनी, म्हणजे सातही मानकऱ्यांनी, चारही पाहिले. ज्याला ज्या पर्यायात आपलं नाव वर दिसलं, त्याला तो पर्याय न्यायाचा वाटला. तिघांना कुठल्याच पर्यायात न्याय दिसेना. गुरुसिद्धप्पा काका (दगडवाले) उठून चपला शोधायला लागले तेव्हा मी घाबरून म्हणालो की काका, आणखी पर्याय आहेत. आठवडाभरात सात झाले. कारणंही शोधावी लागली. साधन प्रत्येक पर्यायाचं कारण विचारतं आणि रिकामं सोडू देत नाही. एका पर्यायाचं कारण मी ‘अक्कलकोट रस्त्यावरून येताना पहिलं घर’ असं लिहिलंय. तुमच्या पर्यायापुढे ‘दरवाजा’ एवढंच आहे, त्यात खोटं काही नाही.

सातांतला एक निवडायचा कसा, हे विचारायला मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, निवडायचं कशाला? ज्याचा फोन, त्याचा पर्याय. जो उघडेल त्याला तो स्वतः पहिला दिसेल. मी विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, मोठ्या कंपन्यांत हेच चालतं. मामा, मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी ते केलं, आणि पुढचे पंधरा दिवस समाजात जी शांतता नांदली ती कार्यालयाचा पाया खणल्यापासून कुणी पाहिली नसेल. गुरुसिद्धप्पा काकांनी मला रस्त्यात थांबवून रिक्षातूनच सांगितलं, “न्याय केलास बघ. आता बाकीच्यांनी काय गोंधळ घातला तर मला सांग.” असं मला पाच जणांनी सांगितलं. तुम्हीही फोन करून ‘पोरा, दाराची लाज राखलीस’ म्हणालात, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पहिल्या नंबरच्या खुर्च्या सात झाल्यात, पहिला हार सात जणांसाठी सांगितलाय, हे मला दिसत होतं. पण पडद्यावर सगळं ठीक होतं, आणि आमच्या धंद्यात त्यालाच ठीक म्हणतात.

परवा निंगव्वा आजी महेश्वरीच्या साड्या बघायला आल्या. आजी म्हणजे जागा दिलेल्या घरातल्या, सातांतल्या एकट्या बाई. साड्या बघून झाल्यावर त्यांनी आपला फोन आईच्या फोनाशेजारी चटईवर ठेवला. (आईच्या फोनात अर्थातच तुमचा पर्याय आहे.) बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं, मग मला हाक मारली.

“लेका, माज्या फोनात मी पयली हाय. तुज्या आईच्या फोनात मी सातवी. मग रविवारी मी बसू कुटं?”

मी म्हणालो, आजी, ते तांत्रिक आहे.

“आसंल की. पन तितं भित एकच हाय न्हवं?”

साडीची घडी घालता घालता एवढंच बोलल्या. पंधरा दिवसांत हा प्रश्न मला पडला नाही, साहेबांना पडला नाही, साधनालाही पडला नाही. त्याच्या सात पर्यायांत भिंतीसाठी खणच नाही. आज सकाळी सिद्धारामना मी निदान दोन पडदे तरी लावा म्हणून विनवायला गेलो होतो, त्याचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तिथून येऊन सातही पर्याय एकत्र जुळवायचा प्रयत्न केला. साधनात तशी सोय आहे. पहिल्या ओळीवरच त्यानं विचारलं, सात नावं आहेत, कोणतं ठेवू? मी एक ठेवलं आणि मला गुरुसिद्धप्पा काकांच्या चपला दिसल्या. दुसरं ठेवलं, तर तुमचा चेहरा दिसला. शेवटी ‘सगळी ठेवा’ अशी खूण करून सोडलं, तर एकोणपन्नास नावांची यादी झाली. प्रत्येक जण सात वेळा उठणार, सात हार घेणार. जेवणं दुसऱ्या दिवशी. अजिनाथ साहेबांना दाखवली तर म्हणाले, ही आठवा पर्याय म्हणून राहू दे.

बाकी सर्व क्षेम. मामींना महेश्वरीनं विचारलंय की हिरवी इरकल त्याच काठाची हवी की दुसरा चालेल. (दुकानदारानं वीस दाखवल्या. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.) लोभ आहेच, तो रविवारनंतरही राहावा.

तुमचा भाचा,
अनिलकुमार

ता. क. एक विनंती राहिली. रविवारी तुमचं नाव पुकारलं की उठून एवढंच म्हणावं, ‘आधी बाकीच्यांचा सत्कार होऊ दे, मी शेवटी घेईन.’ एवढं मोठं मन सातांत तुमचंच आहे, म्हणून फक्त तुम्हालाच लिहितोय. तुमच्या वडिलांनी भर मांडवात पहिला फेटा शेजाऱ्याला बांधायला लावला होता, ते लोक अजून सांगतात. तुम्ही असं म्हणालात तर भांडण होणार नाही, कुलपं लागणार नाहीत आणि बावीस तारखेला महेश्वरी तुमच्या सागवानी दारातून आत येईल. कृपया कुणाला बोलू नये.

ता. क. २. पत्र निंगव्वा आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शिवयोगीचा गुडघा कधी दुखायला लागला? तर मामा, तुमचा दुखत नसेल तर तो गुरुसिद्धप्पा काकांचा आहे. हे पत्रही त्याच साधनावर केलंय, सात पर्यायांत. गावातली सहा पत्रं काल संध्याकाळीच पोचती केली आणि तुमचं, तुमच्या मैंदर्गीच्या गाडीनं पाठवायचं म्हणून, आज दुपारी नवीन मजकूर घालून पुरं केलं, त्यात गुडघा इकडचा तिकडे झाला. फेट्याची गोष्ट सातही पत्रांत आहे, वडील ज्याचे त्याचे. मोठं मनही सातही पत्रांत आहे. पण महेश्वरी सगळ्या पत्रांत माझी बहीण आहे, आणि भाची फक्त याच पत्रात.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच सिद्धारामांचा फोन आला. त्यांनी खात्रीनं सांगितलं की सकाळपासून पाच मानकऱ्यांनी शेवटची खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे, आणि सहावे स्वतः येऊन तिच्यावर रुमाल टाकून गेलेत. रविवारी दहा वाजता पडदा उजळेल, पहिल्या खुर्चीवर कुणी बसणार नाही आणि सातवीसाठी ओढाताण होईल, असा त्यांचा अंदाज आहे. तिन्ही कुलपांना त्यांनी तेल घालून ठेवलंय. तेव्हा येताना घरची घडीची खुर्ची घेऊन यावी, तुम्हाला सातवीच्याही मागे बसवतो. (हे वाक्य फक्त तुमच्या पत्रात आहे. या वेळी खरंच.)