काखेतून पास झालेली उशी

सोमवार, ८ फेब्रुवारी

ती. आक्कांना नमस्कार.

तब्येत बरी असेल. गुडघे कुरकुरत असतील तर तेवढं चालायचंच. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे बरेच ठीक आहोत. माझं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगतो, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा लिहितोय. पत्र फाडू नका. माझा फोन तुम्ही उचलत नाही. तिकीट कमी पडेल या धास्तीनं मी दोन चिकटवलीत.

आमच्या वस्तीतल्या समितीनं काल शाळेच्या हॉलमध्ये विक्रीचा मेळा भरवला होता. कॅन्सरच्या पेशंटांना औषधं आणि त्यांच्या माणसांना राहायला खोल्या, यासाठी. समितीच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही तिसरीतल्या पोरासारखं उभं करतात. मला म्हणाल्या, तुम्ही जन्मभर बसच्या सीटा शिवल्यात, आता उशा शिवा. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाईनं काखेत धरायची छोटी उशी असते. एक विकली गेली की दुसरी दवाखान्यात फुकट द्यायची.

मी लगेच कामाला लागलो. सीटवाल्याची परीक्षा एकच, बसून बघायचं. सीट दबली की गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं. म्हणून कडक फोम ठासून भरला आणि एकेका उशीवर बसून बघितलं. एकही दबली नाही. मीटिंगमध्ये बाईंनी अंगठ्यानं दाबून बघितली, मग दोन्ही हातांनी. मला वाटलं, त्यांना भरवसा येईना. म्हणून उशी टेबलावर ठेवली आणि वर चढून बसून दाखवलं. सगळी समिती पोट धरून हसायला लागली. बाई म्हणाल्या, "काका, ही बसला लावा, बस धावेल. दुखरा हात हिच्यावर कसा टेकेल?"

मी घरी बनवलेल्या सोफ्याला तुम्ही एसटी स्टँडचा बाक म्हणालात आणि तेव्हापासून हिनं तुमच्याशी बोलणं टाकलं. नवऱ्याच्या कामाला नाव ठेवलं म्हणून. आक्का, तो बाकच आहे. रोज मीच बसतो ना त्यावर. पण मी असं लिहिलंय हे हिला कळू देऊ नका.

तर तोंड पाडून घरी आलो. हिनं सगळं ऐकलं, हसून घेतलं, एक उशी उचलून डाव्या काखेत धरली आणि ओठ चावला. "टाक्यांवर येतेय हो," म्हणाली.

टाके कसले, असं तुम्ही विचाराल. एवढा वेळ मी त्याच्याच भोवती घिरट्या घालतोय. थंडी सुरू होताना हिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं. गाठ लवकर सापडली, आता काळजी नाही, फक्त औषधं पुरी करा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. काळजी नाही हे मला कसं जमणार? दुपारी हिचा डोळा लागला की श्वास चालतोय का, ते मी वाकून बघतो. परवा डोळे न उघडताच म्हणाली, "आहे मी. चहा ठेवा." केस गेलेत. कंगव्याचा खर्च वाचला म्हणते.

मी सगळ्या उशा उसवल्या आणि पिंजलेला कापूस भरला. शिवण आतल्या बाजूला वळवली. बसून बघणं बंद. प्रत्येक उशी हिनं काखेत धरायची, मान हलवली तरच पुढं. काही उशा तिनं दोनदा परत केल्या. बसच्या कंपनीतला साहेबसुद्धा इतका खडूस नव्हता. शेवटी एक उशी काखेत घेतली आणि मान हलवायच्या आधीच झोपली. मग सगळ्या तशाच केल्या.

मेळ्यात हीच स्टॉलवर बसली, डोक्याला रुमाल बांधून. येईल त्याला सांगत होती, "घ्या, माझ्या काखेतून पास झालेली आहे." पुरुष लाजून पटकन घेत आणि पळत. जेवणाच्या आत टेबल रिकामं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला शाबास म्हटलं. मला शाळेत कोणी म्हटलं नव्हतं.

आता खरं कारण लिहितो. डॉक्टरीणबाईंनी हिला बजावलंय, सख्ख्या बहिणीला तपासणी करून घ्यायला सांगा. उशीर करू नका. ही रोज फोन हातात घेते, तुमचा नंबर काढते आणि ठेवून देते. "तिनं उचललाच नाही तर?" म्हणते. तिकडे तुमचं मन कडक, इकडे हिचं. मधल्या मध्ये माझा जीव टांगणीला.

हिला न विचारता हे पत्र टाकतोय. माझी शाळा चौथीपर्यंत, समजावून सांगता येत नाही. तपासणीला या आठवड्यातच जा. काही निघणार नाही. निघालंच तर लवकर निघेल, हिच्यासारखं. मग हवं तर भांडण पुढं चालू ठेवा, माझी हरकत नाही. पण त्याला दोघी धडधाकट लागतात.

वाट बघणारा,
तुमच्या बहिणीचा घाबरट नवरा