मागच्या दारच्या माशांची व्यवस्था

मी, श्रीमती जयंती दत्ताराम साटम, वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार तळमजला, मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. मीरा कोरगावकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गेल्या वर्षी खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले, पण मृत्युपत्र लिहायला खुबा लागत नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. आणून पाहावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

नुसते घर आणि ठेवी असत्या तर मी हा खटाटोप केला नसता. मुलगा एकच आहे. खरे कारण मागच्या दारचे तळे आहे. आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर सगळ्यांनी घरे रिकामी करायची आहेत, आणि नव्या नकाशात तळ्याच्या जागी गाड्या खाली उतरवायचा रस्ता आहे. तळ्यात कोई जातीचे, शोभेचे रंगीत मासे आहेत. चांगले ठेवले तर ते माझ्यापेक्षा जास्त जगतील. नकाशा काढणाऱ्याने त्यांचा विचार केलेला नाही, म्हणून मला करावा लागत आहे.

कलम १. राहते घर, आणि पुनर्विकासात त्याच्या बदल्यात जे मिळेल ते, माझा मुलगा नितेश याला द्यावे. मागची मोकळी जागा सोसायटीची आहे. तळे आम्ही बांधले तरी जमीन आमची नव्हती, त्यामुळे ती मी कोणाला देत नाही. अट एकच: मासे हलवून झाल्याशिवाय नितेशने घराची किल्ली बिल्डरच्या माणसाला देऊ नये. बिल्डर घाई करील. त्याने माझे नाव सांगावे. मेलेल्या बाईशी वाद घालता येत नाही.

कलम २. बँकेतील आणि पोस्टातील ठेवींचे दोन समान भाग करून एक नितेशला आणि एक नात श्रुतिका हिला द्यावा. श्रुतिकाने तिच्या पैशाचे काय करावे हे तिला कोणी सांगू नये. तिच्या बापानेही.

कलम ३. माझे दागिने सूनबाई श्वेता हिला द्यावेत. ती ते घालणार नाही, हे मला माहीत आहे. तिला जुन्या घडणीचे आवडत नाही आणि हे तिने तोंडावर सांगितले. पुढे पुढे करणाऱ्या सुनांपेक्षा मला हे बरे वाटते. तिने मोडून हवे ते करावे.

कलम ४. सोसायटीचे माजी सचिव श्री. किरण सामंत यांना माझी जुनी मच्छरदाणी द्यावी. कारण पुढीलप्रमाणे. माझे यजमान दत्ताराम गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते घाटकोपरला एका शोभेच्या माशांच्या दुकानात लागले. जुहूचे एक कुटुंब बंगला विकून चालले होते, त्यांनी आपले कोई मासे यांना दिले. ते यांनी दूधवाल्याच्या किटलीतून घरी आणले आणि मागे जिथे धुण्याचा दगड होता तिथे स्वतः खणून तळे बांधले. सामंतांनी तक्रार केली की याने डास होतील. पालिकेचा माणूस तपासायला आला. त्याने पळीने पाणी काढून पाहिले. डासाची एक अळी नाही. मासे ठेवतील तर ना! जाता जाता त्याने जिन्यातल्या कुंडीखालची बशी उचलली, तर ती वळवळत होती. कुंडी सामंतांची होती. त्यांनी आजतागायत आमची माफी मागितलेली नाही.

कलम ५. तळ्याचे सामान: हवा सोडणारा पंप, पाणी फिरवणारा पंप, गाळणी, हातजाळी, हिरवी सावलीची जाळी, खंड्या आणि बगळे यांच्यासाठी वर ताणायची बारीक जाळी, इन्व्हर्टर, आणि निळा ड्रम. हे सर्व माशांबरोबर जावे. इन्व्हर्टर घरासाठी ठेवून घेऊ नये. इतकी वर्षे या घरात वीज गेली की माझा पंखा बंद व्हायचा, तळ्याचा पंप नाही. माणूस वारा घ्यायला बाहेर जाऊ शकतो.

कलम ६. मासे कोणाला द्यायचे हे सांगण्याआधी कोणाला द्यायचे नाहीत ते लिहिते, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत.

नितेश अंधेरीला उंच इमारतीत राहतो. त्याच्याकडे जागा नाही, हा त्याचा दोष नाही. पण पुनर्विकासाचे ठरले तेव्हा तो म्हणाला, “आई, मासेच आहेत ना? एखाद्या तलावात सोडून देऊ. मजेत राहतील.”

मी म्हटले, “मजेत कोण, बगळे?”

“मग रिसॉर्टला देऊ. माझ्या ओळखीत एक आहे, लोणावळ्याला.”

“तिथे लोक वेफर्स टाकतात पाण्यात.”

“आई, यार, तुला काहीच चालत नाही.”

खरे आहे, चालत नाही. बाहेरचा मासा आपल्या तलावात सोडला की एक तर तो मरतो, नाही तर तिथल्यांना मारतो. म्हणून तलाव नाही, रिसॉर्ट नाही, मॉलमधले कारंजेही नाही.

कलम ७. आता मधली हकिकत लिहावीच लागते, नाही तर पुढचे कलम वाचून घरातले लोक म्हणतील की दाखला असूनही म्हातारीचे डोके फिरले होते.

माझे दीर हर्षद साटम रेल्वेच्या पलीकडे, मुलुंड कॉलनीत डोंगराच्या पायथ्याशी राहतात. बैठे घर आहे, मागे अंगण आहे, फणसाची सावली आहे. आमचा दीड दिवसाचा गणपती एक वर्ष त्यांच्याकडे आणि एक वर्ष आमच्याकडे असायचा. यजमान वारल्यावरही मी माझी पाळी चुकवली नाही. करोनाच्या वर्षी पाळी माझी होती. विसर्जन घरीच करा असे सगळीकडे सांगत होते. मी मोठे पातेले घासून ठेवले होते. मी आत शिदोरीचे दहीपोहे कालवत होते, आणि हर्षदला वाटले की दारात तळे असताना देवाला पातेल्यात बुडवणे बरे दिसत नाही. त्याने मला विचारले नाही. मी बाहेर आले तेव्हा मूर्ती, हार, दूर्वा, गुलाल, सगळे तळ्यात गेले होते, आणि मंडळी “पुढच्या वर्षी लवकर या” म्हणत होती.

मूर्ती शाडूची आहे असे विकणाऱ्याने हर्षदला सांगितले होते. नव्हती. वरचा चकचकीत रंग सुटला आणि सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले. हर्षदला फोन केला, तसा तो धावत आला. आला आणि घाबरून दुसरी गोष्ट केली. घाण पाणी उपसून त्याने नळाला पाइप लावला आणि तळे ताज्या पाण्याने भरून टाकले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. आपल्याला ते चांगले, माशांच्या कल्ल्यांना ते जाळते. म्हणून आमच्याकडे निळा ड्रम आहे. त्यात पाणी एक दिवस उघडे ठेवायचे, मग तळ्यात घालायचे, तेही थोडे थोडे. थोडे मासे रंगाने गेले, बरेच नळाने गेले. यजमानांनी वाढवलेले, माझ्या हातून खाणारे मासे आम्ही घमेल्याने काढले.

मी हर्षदला म्हटले, “मारलेस तू त्यांना.”

तो म्हणाला, “वैनी, मी देव पाण्यात सोडलंय, विख नाय घातलंय.”

मी म्हटले, “या दारात परत येऊ नकोस.”

तो आला नाही. गणपती त्यानंतर त्यांच्याकडेच बसतो. दोन घरांत रिक्षाने पंधरा मिनिटांचे अंतर आहे, पण आम्ही बोललो नाही. मी चुकले असे इथे म्हणत नाही. मला तेव्हा राग आला होता आणि तो बरोबर होता.

त्यातून जे मोजके वाचले त्यांत मुकादम आहे. तांबड्या डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा, तळ्यातला सगळ्यात मोठा. गिरणीतल्या मुकादमासारखा सगळ्यांच्या मागे मागे फिरतो म्हणून यजमानांनी हे नाव ठेवले. बाकीचे नंतर त्याच तळ्यात जन्मले.

गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात मी ऑपरेशनसाठी इस्पितळात पडले. मे महिना माशांना सर्वांत वाईट. पाणी तापले की त्यातली हवा कमी होते. नितेशने एका दुकानाला देखभाल सांगितली होती. माणूस एकदा येऊन गेला आणि पुन्हा फिरकला नाही. हे मला कोणी सांगितले नाही. मी घरी आले ती मेलेले मासे बघायच्या तयारीने. वॉकर घेऊन मागे गेले, तर तळे स्वच्छ, सावलीची जाळी नव्या बांबूंवर उंच बांधलेली, आणि मुकादम जाडजूड होऊन काठाशी आला.

वरच्या मजल्यावरची संघमित्रा भालेराव शाळेत शिकवते. दुपारनंतर ती घरी असते आणि मागच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे असते. तिला विचारले, “कोणी केलं गं हे?”

“तुमच्या दिरांनी. रोज यायचे. सांगू नको म्हणाले होते.”

“मग सांगितलंस कशाला?”

“विचारलंत कशाला?” ती म्हणाली. मग हसायला लागली. “काकू, माणूस स्वतः आदल्या दिवशी ड्रम भरून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन मलाच विचारायचा, ‘ह्या पाणी कालचाच मां गो?’ मी म्हणायचे, हो काका, तुम्हीच भरलंय. तरी खात्री नाही. वाकून वास घ्यायचे. मग तांब्या तांब्याने घालायचे, झाडाला घालतात तसं.”

मला अजून वाकता येत नाही. तो अजून येतो. मी दुपारी झोपते असे त्याने धरले आहे, आणि तो येतो हे मला ठाऊक नाही असे मी धरले आहे.

कलम ८. सबब, तळ्यातील सर्व मासे आणि कलम ५ मधील सर्व सामान माझ्या मृत्यूनंतर माझे दीर हर्षद साटम यांना द्यावे. त्यांच्या अंगणात फणसाखाली तळे बांधावे. खर्च माझ्या ठेवींतून आधी काढावा, मग वाटण्या कराव्यात. ज्यांनी माझ्या माशांना कधी काही केले नाही, त्यांना पाण्याची भीती नाही. ही भीती फक्त हर्षदला आहे, आणि मासे ठेवायला तीच लागते.

सूचना थोडक्यात. नवे तळे बांधले की सिमेंटचा खार जाईपर्यंत पाणी भरून ओतत राहावे. उन्हाळ्यात खाणे कमी, तेही सकाळी ऊन चढण्याआधी. पंप कधीही बंद नको. पावसात तळे काठोकाठ भरू देऊ नये; मुकादम उडी मारतो. डोंगराकडून रानमांजरे येतात, जाळी घट्ट असावी. गणपती तिथेच बसत राहील. विसर्जन पातेल्यात करावे. माझे पातेले त्यासाठीच देत आहे.

कलम ९. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी नितेशला नेमते. तो कटकट करील पण काम करील.

कलम १०. संघमित्रा साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले की नंतर लोक बोलतात, म्हणून तिच्यासाठी इथे काही लिहिलेले नाही. माझा मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या तिने काल वर नेल्या आहेत. त्या मी हयातीत दिल्या आहेत, कोणी मागायला जाऊ नये.

सहीआधीची दुरुस्ती. पुढे कोणी विचारील म्हणून हिचे कारण लिहून ठेवते. वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. साक्षीदारांना मजकूर सांगायची गरज नसते असे वकील म्हणाले होते, पण संघमित्रा न ऐकता सही करणारी नाही.

ती म्हणाली, “काकू, हे त्यांना कळणार कधी? तुम्ही गेल्यावर? तळं तर दिवाळीनंतर राहणार नाही.”

“मृत्युपत्र असंच असतं गं.”

“आणि तोवर ते असेच चोरासारखे फाटकातून येणार? आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेत ना तुम्ही? ऐका, आत्तासुद्धा आलेत. ड्रम भरतायत.”

ऐकले. ड्रममध्ये पाणी पडत होते. डॉ. मीरा म्हणाल्या, “जयंतीताई, काय ते ठरवा. मला दवाखाना उघडायचाय.”

मी संघमित्राला मागचे दार उघडायला सांगितले आणि बसल्या जागेवरून हाक मारली, “हर्षद, ड्रम भरला की आत ये. चहा ठेवलाय.”

बाहेर नळ बंद झाला. मग तो म्हणाला, “वैनी, पाय चिखलाचे आसत.”

“मग धुऊन ये. नळाखाली धू. तू नाही मरत त्यानं.”

कलम ८ मधील “माझ्या मृत्यूनंतर” हे शब्द मी खोडत आहे. त्या जागी “आजपासून” असे वाचावे. खाडाखोडीवर माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ एप्रिल २०२५

सही: जयंती दत्ताराम साटम

आम्हा दोघींच्या समोर श्रीमती साटम यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. डॉ. मीरा कोरगावकर
२. संघमित्रा प्रितम भालेराव

हर्षदची सही घेतलेली नाही. तो घेणाऱ्यांपैकी आहे, आणि त्याचे हात ओले होते.